मंगल्याचा कान

भादवा लागला की माश्या येतात. घरातल्या माश्यांचं मी बोलत नाही, त्यांना कोणता महिना लागतो! या गुरांच्या माश्या. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठ्या, मळक्या पंखांच्या, हिरवट डोळ्यांच्या. बैलाने नुसती कातडी थरथरवली तर या हलत नाहीत. शेपटीचा फटका बसला तरच उडतात आणि शेजारच्या बैलावर जाऊन बसतात. चावल्या जागी रक्ताचा एक थेंब उभा राहतो. पुस्तकात त्यांना गोमाश्या म्हणतात. आमच्या गावात भादव्यात नुसतं माश्या म्हटलं तरी पुरतं.

त्या आल्या की बाबांचा फोन येतो. मी आदिलाबाद शहरात राहते आणि जनावरांच्या आजारांची तपासणी करायचं काम करते. बाबा गावाकडे, वांकिडीच्या अलीकडे. जिल्ह्याचे तुकडे झाले तेव्हा आमचं गाव कागदावर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, पण कोणी विचारलं तर आम्ही अजून आदिलाबादच सांगतो. तोंडाला वळणच तसं लागलं आहे.

"बाई, माश्या आल्या," यंदाही बाबा म्हणाले.

"बरं."

"यंदा लय हायेत."

"दरसाल तुमी हेच म्हणता, बाबा."

"दरसाल लयच राह्यतेत, तं काय सांगू मंग?"

फोन ठेवला. खिडकीबाहेर भिंतीला लागून तरोटा माजला होता, त्याला पिवळी फुलं आली होती. तरोट्याचा तो हिरवा उग्र वास, पाऊस उघडल्यावरचं चिकट ऊन, आणि दूर कुठेतरी फवारणीच्या पंपाची घरघर. एवढं जमून आलं की मला एकच भादवा आठवतो. ज्या भादव्यात मंगल्याचा कान माझ्यापाशी होता, तो.

मंगल्या आमचा बैल. मंगळवारी जन्मला म्हणून मंगल्या. इतका साधा हिशेब. आमच्याकडे तो एकच होता. दुसरा, खैऱ्या, नामदेवकाकांचा. त्यांचं वावर आमच्या वावराला लागून, मध्ये फक्त एक धुरा, म्हणजे बांध. आमचा कापूस आणि थोडी ज्वारी, त्यांची वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर. दोघांचीही दोन बैल ठेवायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. दोघांनी एकेक बैल ठेवायचा, एका जोताला जुंपायचे, आज तुझं वावर, उद्या माझं. याला सावड म्हणतात. सावडीत भांडणं फार होतात, कोणाची पेरणी आधी यावरून तर हमखास. बाबा आणि नामदेवकाकाही भांडायचे, पण बैल सोडताना भांडण तिथंच सोडून यायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळायचे आणि त्यांच्या कानात आवतण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." हे सगळीकडेच करतात. आमच्याकडे जोडी दोन घरांची, म्हणून आवतणही उलटसुलट. नामदेवकाका आमच्या अंगणात येऊन मंगल्याला आवतण द्यायचे आणि बाबा त्यांच्या अंगणात जाऊन खैऱ्याला. मंगल्याला कानात कोणी बोललेलं आवडायचं नाही. तो डोकं झटकायचा आणि नामदेवकाकांच्या तोंडावर हळद उडायची. दरवर्षी. दरवर्षी ते तोंड पुढे न्यायचेच.

मंगल्या गेला तो असाच पोळ्यानंतरच्या भादव्यात. मी तेव्हा हैदराबादला शिकत होते आणि सुटीत घरी आले होते, त्यामुळे मी ते डोळ्यांनी पाहिलं. खैऱ्याच्या खांद्याला सूज आली होती म्हणून तो घरी बांधलेला. मंगल्या एकटाच धुऱ्यावर चरायला होता, नामदेवकाकांच्या वांग्यांना लागून. आदल्या दिवशी त्यांनी वांग्यांवर फवारा मारला होता. सकाळी मंगल्या खुंट्याभोवती गोल फिरायला लागला. आधी वाटलं माश्यांनी पिसाळला. मग त्याचे मागचे पाय लटपटले, तो झाडाला धडकला, पडला, पाय झाडू लागला. दवाखान्यात फोन लावला तर डॉक्टर दुसऱ्या गावी लसीकरणाला गेलेले. दुपारी ऊन तापलं तेव्हा तो संपला होता. बाबा त्याच्या मानेवर हात ठेवून बसले होते आणि माश्या त्याच्यावरून उठून बाबांच्या हातावर बसत होत्या.

आमच्या गावात मेलेला बैल विकत किंवा उचलून नेऊ देत नाहीत, वावरात गाडतात. खड्ड्यात मीठ टाकतात. त्याचीही रीत आहे. पहिलं मीठ सावडीच्या घरचं, जोडीदार बैलाच्या मालकाने आणलेलं. मग घरचं, मग शेजारपाजारचं. पळसाखाली खड्डा झाला. नामदेवकाका मिठाची पिशवी घेऊन धुऱ्यापाशी आले. तोवर लोकांनी बोलायला सुरुवात केली होती. वांग्याचा फवारा, धुऱ्यावरचं गवत, मंगल्याचं पाय झाडणं. बाबांनी नामदेवकाकांकडे पाहिलं नाही. खाली वाकून त्यांनी आमच्या घरचं मीठ खड्ड्यात टाकलं. नामदेवकाका थोडा वेळ उभे राहिले आणि पिशवी घेऊन परत गेले. कोणी त्यांना थांब म्हटलं नाही. मीही नाही.

गावाचा तर्क असा होता, "एका जोताचे बैल. एकच कडबा, एकच पानी. रोग असता तं दोघाइले झाला असता. मंग एकच काऊन मेला?" सावड करणाऱ्या माणसांना हे फार पटतं, कारण त्यांनी दोन्ही बैलांना एकाच वेळी खोकताना पाहिलेलं असतं. खैऱ्या तर ठणठणीत. म्हणजे विषच. मुद्दाम कोणी म्हटलं नाही, पण मुद्दाम नाही असंही कोणी म्हटलं नाही. गावातल्या बायका नामदेवकाकांची वांगी घेईनाशा झाल्या. ते सायकलला पाटी बांधून लांबच्या बाजाराला जाऊ लागले.

मंगल्याचा विमा होता. विम्याच्या जनावराच्या कानात बिल्ला असतो, आणि जनावर मेलं की बिल्ल्यासकट कान दाखवावा लागतो. म्हणून गाडण्याआधी त्याचा कान कापून ठेवला होता. विम्याचे लोक आले, म्हणाले, विषाची बाब असेल तर आधी ठाण्यात तक्रार द्या, कोणावर संशय ते लिहा. बाबा म्हणाले, "नामदेवच्या नावाची दरखास्त मी देनार नाई." ते लोक गेले आणि विमा तिथंच संपला.

आता यात बाबांचं काय समजायचं? नामदेवकाकांवर तक्रार दिली नाही, आणि त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. दोन्ही एकाच माणसाने केलं. मला त्यांचा राग यायचा. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुह्या बापाच्या पोटात एक अन् तोंडात कायीच नाई, हे तुले आता समजून राह्यलं का?"

वर्षभर असंच चाललं. बाबांनी पेरणीला ट्रॅक्टर सांगितला. नामदेवकाकांनी कोणाचा तरी म्हातारा बैल मागून आणून खैऱ्याच्या जोडीला लावला, आणि ती जोडी चालेना, कारण एक ओढायचा आणि एक झोपायचा. दोघंही शेजारच्या वावरात असायचे आणि धुरा मध्ये आहे म्हणून बरं असं वागायचे.

मी हैदराबादला ज्या प्रयोगशाळेत शिकत होते तिथल्या मॅडम तेलुगू. कडक बाई, चहा मात्र स्वतः करून पाजायच्या. त्यांचं काम मेलेल्या जनावरांच्या राखून ठेवलेल्या तुकड्यांमधून परजीवींचा माग काढायचं. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून त्याच्यावर जगणारे जीव. काही डोळ्यांना दिसतात, काही सूक्ष्मदर्शकाखाली, आणि जनावर मेल्यावर काही दिवसांनी कुठेच दिसत नाहीत. पण ते होते याची खूण, त्यांचा डीएनए, मांसात, कातडीत, सुकलेल्या रक्तात राहून जाते. ती खूण फार थोडी असते. यंत्रात घालून, गरम-गार करत, तिच्या प्रती वाढवत न्यायच्या, इतक्या की त्या दिसाव्यात. एवढंच ते काम. ऐकायला सोपं आहे.

एक दिवस मॅडम तिबरशाबद्दल शिकवत होत्या. तिबरसा म्हणजे सर्रा, घोड्यांना, उंटांना, गाईबैलांना होणारा आजार. रक्तात सापासारखे वळवळणारे बारीक जीव. पावसाळा सरताना वाढतो, गोमाश्या पसरवतात. पुष्कळ बैलांच्या अंगात तो वर्षानुवर्षं असतो आणि बैल वरून धडधाकट दिसतो. एखाद्याला मात्र एकदम चढतो. मग तो गोल फिरतो, धडकतो, पडतो, पाय झाडतो, आणि काही तासांत मरतो. "लोग बोलते हैं, किसीने ज़हर दिया," मॅडम म्हणाल्या.

मी लिहायची थांबले. मला आठवलं, बाबा त्या दिवशी हातावरच्या माश्या उडवतही नव्हते.

पुढच्या पोळ्याला मी घरी गेले. पोळ्याच्या तोरणाखाली आमचा बैल नव्हता, आणि नामदेवकाकांनी खैऱ्याला आणलंच नाही. त्यांना कोणी नको म्हटलं नव्हतं, या असंही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "मंगल्याचा कान कुठं आहे?"

"कायले पाह्यजे?"

"आहे का फेकला?"

कान होता. गोठ्यात, वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या बरणीत, जाड्या मिठात दाबलेला. ती बरणी घरात आणली तर मी माहेरी जाईन, असं आईने सांगून ठेवलं होतं. माहेरी तिची भावजय आहे आणि दोघींचं पटत नाही, यावरून तिला ती बरणी किती नकोशी होती ते कळावं. दवाखान्यातल्या माणसाने बाबांना त्या वेळी औषधाचं पाणी देऊ केलं होतं, त्यात बुडवून ठेवा म्हणून. त्याच्या वासाने डोळे चुरचुरले म्हणून बाबांनी ते घेतलं नाही आणि लोणच्याचीच रीत लावली. नशीब म्हणायचं. त्या औषधात डीएनएचा पार चुरा होतो. मिठात कातडी कडक होऊन बसते, पण आतलं पुष्कळसं टिकतं.

"कानाचं काय करून राह्यली वं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. तिबरसा असेल, नसेलही. असलाच तर कानात त्याची खूण सापडेल, सापडणारही नाही. रक्त असतं तर बरं होतं, कान म्हणजे नुसती कातडी आणि बारीक शिरा. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उरलं तं वापस आनजो. मंगल्या बिनकानाचा गाडला हाय."

दुसऱ्या दिवशी मी नामदेवकाकांकडे गेले. वर्षभरानंतर. ते ओट्यावर वांगी निवडत होते, किडकी वेगळी, चांगली वेगळी. मला पाहून उठले आणि एक वांगं हातात धरून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, मला खैऱ्याचं थोडं रक्त हवं, एकाच जोताचा दुसरा बैल म्हणून तपासायला. त्याच्यात काही निघायचं नाही, मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

"घे," ते म्हणाले. खैऱ्याचं डोकं त्यांनी काखेत धरलं. मी कानामागची शीर शोधत असताना ते खाली बघत बोलले. "बाई, एक सांगू? गाव काय म्हन्ते ते मले मालूम हाय. पन मलेच मालूम नाई वं. फवारा तं मीच मारला होता. गवतावर उडाला असन का नसन? मी रोज इचार करतो. तुह्या बापाले कोनत्या तोंडानं सांगू, का माह्यानं नाई मेला म्हून?"

तोवर मी समजत होते की एका निर्दोष माणसावर आळ आला आहे आणि तो मनातून चिडलेला असणार. चिडलेला नव्हताच तो. मंगल्याला आपणच मारलं का, हा प्रश्न त्याने वर्षभर एकट्याने वागवला होता. मला रडू आलं. सुई हातात होती म्हणून आवरलं. खैऱ्या उभा होता शांत, कान हलवत, अंगावरच्या माश्या झटकत.

हैदराबादला कान धुतला. केस काढले, मीठ काढलं, पात्याने बारीक तुकडे केले. कानाला मंगल्याचा वास राहिला नव्हता, लोणच्याच्या बरणीचाच येत होता. मॅडम म्हणाल्या, आधी बैल शिल्लक आहे का ते बघ. म्हणजे कानातून बैलाचा स्वतःचा डीएनए तरी निघतो का, की सगळंच तुटून गेलं. तो निघाला. तुटका होता, पण होता. मंगल्या तेवढा शिल्लक आहे म्हणून मला उगाच बरं वाटलं.

मग तिबरशाची तपासणी. शेवटी सगळं एका जेलीच्या पातळ वडीत सोडून वीज लावायची आणि दिव्याखाली पाहायचं. जिथे खूण असेल तिथे उजळ पट्टी दिसते. एका खाचेत माहीत असलेला नमुना, एका खाचेत कानाचा, एका खाचेत नुसतं पाणी. पाण्यात काही दिसता कामा नये. पाणी कोरं राहिलं, तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा.

कानाच्या खाचेत पट्टी होती. मग मी पाण्याची खाच पाहिली. तिथेही पट्टी होती. फिकट, पण होती. पाण्यात कुठूनतरी काहीतरी मिसळलं होतं. आता कानातली पट्टी मंगल्याची की प्रयोगशाळेतल्या धुळीची, हे सांगता येणार नव्हतं.

मॅडमनी बघितलं, चष्मा वर केला. "मळ्ळी चेय्यी," म्हणाल्या. म्हणजे पुन्हा कर. मी म्हटलं, मॅडम, कानात नक्की आहे, माझ्या बाबांच्या बैलाचा आहे, सगळी लक्षणं तीच. मॅडम हिंदीत म्हणाल्या, बाबांचा आहे म्हणूनच पुन्हा कर. मग त्यांनी मला चहा दिला. मला चहा नको होता.

अडचण अशी की पहिल्या वेळी काढलेलं सगळं आता संशयाचं झालं होतं. नवं काढायचं तर कान आणखी कापावा लागणार, आणि तोही थोडाथोडका नाही. बिल्ल्याभोवतीची कातडी सोडली तर काही उरणार नव्हतं. बाबांना फोन केला. सांगितलं, वापस आणायला फारसं राहणार नाही. मागून रेडिओवर कापसावरच्या किडीचं तेलुगूत काहीतरी चाललं होतं.

"काप," बाबा म्हणाले. "अर्धंमुर्धं समजलेलं मले नाई पाह्यजे."

नवं पाणी, नव्या नळ्या, दुसरी खोली. या वेळी खैऱ्याचं रक्तही त्याच वडीत लावलं. पाणी कोरं राहिलं, पूर्ण कोरं. कानाच्या खाचेत पट्टी, स्पष्ट. आणि खैऱ्याच्या खाचेतही. कानाहून जास्त उजळ.

मॅडमनी पाहिलं आणि फक्त मान हलवली. मी पुन्हा केलं, मी स्वतःहून. तेच आलं. धडधाकट खैऱ्याच्या अंगात तिबरसा होता. किती दिवसांचा, कोण जाणे. माशी खैऱ्यावर बसते, पुरतं रक्त पिण्याआधी शेपटीचा फटका खाऊन उडते, आणि तोंडाला लागलेलं रक्त सुकायच्या आत शेजारी जुंपलेल्या मंगल्यावर बसते. दोन घरांचे दोन बैल लांब असते तर कदाचित काही झालं नसतं. सावडीमुळेच ते इतके जवळ होते.

मला हे कळून आनंद व्हायला हवा होता. नामदेवकाकांच्या फवाऱ्याने मंगल्या मेला असं मानायला आता फारसं कारण राहिलं नव्हतं. पण दुसरं सांगायचं होतं, तेही त्याच तोंडाने. गावाला जाताना बसमध्ये मी विचार केला की खैऱ्याचं सांगूच नये. डॉक्टरांना गुपचूप सांगून इंजेक्शन द्यावं. मग वाटलं, आधीच वर्षभर दोन माणसं न बोलता बसली आहेत, त्यात मी तिसरी कशाला? आणि इंजेक्शन लपवून देता येत नाही. बैल ओरडतो.

मी दोघांनाही धुऱ्यावर बोलावलं. बाबा आमच्या बाजूने आले, नामदेवकाका त्यांच्या बाजूने. डॉक्टर सकाळीच येऊन खैऱ्याला इंजेक्शन देऊन गेले होते, त्यामुळे नामदेवकाकांना काहीतरी आहे एवढं कळलेलं होतं. कापसाची फुलं उमलून, कालची गुलाबी, आजची पिवळी, असं सगळं वावर मिश्र दिसत होतं. मी उभी राहून शाळेत धडा म्हणावा तसं सांगितलं. मंगल्याच्या कानात तिबरसा निघाला. त्या दिवशी तो जसा वागला ते तिबरशाचंच वागणं. गवतावर फवारा अजिबात उडाला नव्हता, असं काही कान सांगत नाही. पण मारायला तिबरसा एकटा पुरतो. आणि खैऱ्याच्या रक्तातही तोच आहे. तो वरून चांगला दिसतो, पण आहे.

नामदेवकाकांच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखं आलं आणि लगेच गेलं. ते धुऱ्यावर खालीच बसले.

"म्हंजे माह्याच बैलानं मारला," ते म्हणाले. "फवारा नाई तं बैल. झालं तं माह्याच घरून."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा पळसाकडे बघत होते. मग मला विचारलं, "बाई, कोनाचा कोनाले गेला, थे सांगते का तुही मशीन?"

"नाही सांगत."

"मंगल्याचा खैऱ्याले गेला असन, असंई होऊ शकते?"

"होऊ शकतं." खरंच होऊ शकतं. पट्टी फक्त आहे एवढंच दाखवते. कोणापासून कोणाला, ते नाही. आपल्याला जे दिसलं तेवढंच म्हणायचं, हे मॅडमनी मला इतक्या वेळा पुन्हा करायला लावून शिकवलं होतं.

"मंग कायले बोंबलून राह्यला हा?" बाबा मला म्हणाले. मला, पण ऐकायला नामदेवकाकांना.

मी पिशवीतून डबी काढली. तिच्यात पिवळा बिल्ला होता आणि बिल्ल्याला धरून राहिलेलं कडक कातडं, अंगठ्याच्या नखाएवढं. उरलेलं एवढंच होतं. बाबांनी डबी उघडून पाहिलं, बंद केली, पुन्हा उघडली. पळसाखाली ती जागा थोडी खचली होती, तिच्यावर गवत आलं होतं. बाबांनी कुदळीने तिथे हातभर खड्डा केला. बिल्ला आत ठेवला. माती ओढायला कुदळ उचलली आणि थांबले.

मागच्या वर्षीची त्यांनी टाळलेली रीत त्यांना आठवली, हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं. मला वाटलं, आता हे घरी जातील, आईला सांगतील, आमच्या घरचं मीठ आणतील. मला फार भीती वाटली, इतकी की जेलीची वडी दिव्याखाली धरतानाही वाटली नव्हती.

"नामदेव," बाबा वळून न बघता म्हणाले, "मीठ आन."

नामदेवकाका उठले. चालत गेले, मग मधूनच जरा पळाल्यासारखे. येताना त्यांच्या हातात गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. गाठ सुटेना म्हणून त्यांनी ती दातांनी तोडली. आतलं मीठ दोन पावसाळ्यांच्या ओलीने थिजून एक ढेकूळ झालं होतं.

"थेच हाय," ते म्हणाले. "घरात वापरवलं नाई. फेकवलंई नाई."

बाबांनी एक दगड उचलला आणि धुऱ्यावर बसून ते ढेकूळ फोडू लागले. नामदेवकाकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खाली धरला.